लाईफ सायन्समध्ये कोण कोण येतं? नागपूरच्या धंतोलीतल्या एका लॅबमधून

बारावीचे आणि नीटचे निकाल लागले की आमच्या लॅबच्या काउंटरवर रिपोर्ट न्यायला आलेली माणसं जाता जाता हमखास विचारतात, "मॅडम, पोरीचं नीटमंधी जमलं नाही. आता लाईफ सायन्स घेतो म्हणून राहिली. त्याच्यात येते तरी काय काय?" विचारताना बहुतेकांचा सूर हार मानल्याचा असतो. डॉक्टरकी हुकली, आता उरलंसुरलं काय ते सांगा. तो सूर मला खुपतो. आणि उभ्या उभ्या दोन वाक्यांत याचं उत्तर होत नाही, म्हणून इथे लिहिते.

याद्या पुष्कळ आहेत. कॉलेजच्या माहितीपत्रकात वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, मायक्रोबायोलॉजी, बायोकेमिस्ट्री, बायोटेक एवढी नावं असतात. कायद्याची यादी त्याहून बरीच रुंद आहे. १ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे सगळी वैद्यकीय उपकरणं कायद्याच्या दृष्टीनं औषधांमध्येच धरली जातात. जोखमीप्रमाणे त्यांचे ए, बी, सी, डी असे चार वर्ग आहेत. जीभ दाबायची पट्टी खालच्या टोकाला, इंजेक्शनची सुई तिच्या वर, व्हेंटिलेटर आणखी वर आणि हृदयाची झडप सगळ्यात वर. निदानासाठी वापरलं जाणारं सॉफ्टवेअरसुद्धा यात येतं. म्हणजे हिंजवडीत कोडिंग करणारा मुलगाही कायद्यानं याच क्षेत्रात आला.

पण याद्यांनी माझं समाधान होत नाही. मी एम.एस्सी. बायोकेमिस्ट्री केलं आणि धंतोलीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये हिमोग्लोबिनच्या बेंचवर बसते. तिथून बघताना माझा हिशेब असा आहे: शरीरातून निघालेल्या थेंबापासून रुग्णाच्या हातातल्या कागदापर्यंत ज्याच्या ज्याच्या चुकीनं उत्तर बदलू शकतं, तो प्रत्येक जण या क्षेत्रातला. आणि ज्या गोष्टीचं उत्तर बरोबर की चूक हे तपासताच येत नाही, ती या क्षेत्राबाहेरची, मग तिच्यावर 'हेल्थ' हा शब्द कितीही मोठ्या अक्षरांत छापलेला असो.

माझ्या बेंचवर सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं काम मोठं आहे. विदर्भात हा आजार घरोघरी ठाऊक आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच नाही, खुद्द नागपुरातल्या वस्त्यांमध्येही 'एएस पॅटर्न' आणि 'एसएस पॅटर्न' हे शब्द बायका पाण्याच्या नळावर बोलतात. आईवडिलांपैकी एकाकडूनच सिकलचं जनुक आलं तर माणूस एएस, म्हणजे वाहक. तो सहसा ठणठणीत असतो. दोघांकडूनही आलं तर एसएस, म्हणजे आजार. ऑक्सिजन सुटला की लाल पेशी वाकून कोयत्यासारख्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि मग हाडं फोडून काढल्यासारख्या कळा येतात. नेहमीची लाल पेशी साधारण १२० दिवस जगते, एसएस रुग्णाची दहा-वीस दिवसांत मरते. म्हणून अंगात रक्त टिकत नाही, डोळे पिवळे दिसतात, मूल वाढीला मागे पडतं.

हे सगळं ज्यांनी उलगडलं ते एका विषयाचे लोक नव्हते. १९१० मध्ये शिकागोत डॉ. हेरिक यांनी या वाकड्या पेशींचं पहिलं वर्णन छापलं. ते वैद्य होते. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की सिकल रुग्णाचं हिमोग्लोबिन विजेच्या प्रवाहात वेगळ्या वेगानं सरकतं, म्हणजे बिघाड थेट रेणूत आहे. पॉलिंग रसायनशास्त्रज्ञ होते. मग व्हर्नन इन्ग्राम यांनी केंब्रिजमध्ये शोधून काढलं की बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन बसलंय, एवढाच फरक. त्या वेळी ते ज्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत काम करत होते ती पदार्थविज्ञानाची. भारतात हे हिमोग्लोबिन पहिल्यांदा सापडलं १९५२ मध्ये, निलगिरीच्या डोंगरातल्या आदिवासींमध्ये. वैद्य, रसायनवाला, फिजिक्सच्या प्रयोगशाळेत बसलेला माणूस आणि डोंगर चढून रक्त गोळा करणारे. यातला कुणीही वगळला तर माझा आजचा रिपोर्ट निघत नाही.

आता बेंचवरची गोष्ट. सगळ्यात साधी चाचणी सोल्युबिलिटीची. काचेच्या नळीत दोन मिली द्रावण घ्यायचं. त्यात फॉस्फेट बफर असतं, पेशी फोडायला सॅपोनिन असतं आणि ऑक्सिजन काढून घ्यायला सोडियम डायथायोनाइट. त्यात वीस मायक्रोलिटर रक्त सोडायचं, हलवायचं आणि पाच मिनिटं स्टँडमध्ये ठेवायचं. मग नळीमागे काळ्या रेघा ओढलेलं पांढरं कार्ड धरायचं. नळीतून रेघा स्वच्छ दिसल्या तर निगेटिव्ह. सिकल हिमोग्लोबिन असेल तर ऑक्सिजन गेल्यावर ते विरघळत नाही, द्रावण गढूळ होतं आणि रेघा दिसेनाशा होतात. खेड्यातल्या शिबिरात, वीज नसतानाही ही चाचणी होते. त्यामुळे ती मला फार मोलाची वाटते.

पण तिच्या मर्यादा कडक आहेत. एएस असो की एसएस, नळी दोन्हीत गढूळच होते. रुग्णाच्या अंगात रक्तच फार कमी असेल तर खोटं निगेटिव्ह येऊ शकतं. डायथायोनाइटची बाटली उघडी राहिली, हवा लागली, पावडर जुनी झाली, तरीही खोटं निगेटिव्ह. म्हणून दररोज पहिल्या दोन नळ्या कंट्रोलच्या: एक माहीत असलेलं पॉझिटिव्ह रक्त, एक माहीत असलेलं निगेटिव्ह. त्या दोन नळ्या बरोबर बोलल्या तरच पुढच्या नळ्यांवर विश्वास ठेवायचा. नव्यानं लागलेल्या मुलांना मी पहिल्या दिवशी हेच शिकवते, मशीनचं बटण नंतर.

पक्कं निदान एचपीएलसी या मशीनवर. जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए ट्यूबमधलं रक्त मशीन स्वतः ओढून घेतं आणि कॉलममधून, म्हणजे बारीक कणांनी भरलेल्या नळीतून, ढकलतं. वेगवेगळी हिमोग्लोबिनं वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतात. आमच्या मशीनवर सिकलचं 'पीक', म्हणजे आलेखावरचा उंचवटा, साधारण ४.३ ते ४.७ मिनिटांच्या खिडकीत येतं आणि त्याला अगदी चिकटून अलीकडे डी या आणखी एका वेगळ्या हिमोग्लोबिनची खिडकी असते. कॉलम जुना झाला, बफरची लॉट बदलली, खोलीचं तापमान चढलं की पीक थोडं सरकतं. सेकंदांचाच फरक असतो, पण त्यानं नाव बदलू शकतं. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या वर जातो आणि भर दुपारी लाईट जाते. तेव्हा एसी दुरुस्त करायला आलेला भाऊ, यूपीएसच्या बॅटऱ्या बघणारा आणि कॉलमचं तापमान तपासणारा बायोमेडिकल इंजिनिअर, हे तिघंही त्या दिवशी निदानाचा भाग असतात. हे मी कुणाला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. ते आले नाहीत तर मी रिपोर्ट सोडत नाही, इतकं ते सरळ आहे.

त्याच्याही आधी रक्त काढणारी सिस्टर आहे. तिनं ट्यूब हलक्या हातानं उलटीसुलटी केली नाही तर गुठळी होते. गडचिरोलीकडून बसनं आइसबॉक्स घेऊन येणारा माणूस आहे. बर्फ वितळला आणि बॉक्स उन्हात राहिला तर पेशी वाटेतच फुटतात. काउंटरवर नाव आणि बारकोड चढवणारी मुलगी आहे. एकाच आडनावाच्या, एकाच गावच्या दोन बायकांचे नमुने एकाच दिवशी येतात. तिथे एक अक्षर चुकलं तर पुढची सगळी बायोकेमिस्ट्री निरुपयोगी.

या क्षेत्राचा आवाका कळायला एकाच रेणूची गोष्ट पुरेशी आहे. गर्भातल्या बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं, त्याला एफ म्हणतात. जन्मानंतर सहाएक महिन्यांत ते ओसरतं आणि मोठ्यांचं हिमोग्लोबिन त्याची जागा घेतं. एफ हिमोग्लोबिन सिकलच्या साखळ्या जुळू देत नाही. म्हणून एसएस बाळ पहिले काही महिने हसतं-खेळतं असतं आणि त्या वयात सोल्युबिलिटीची नळीही स्वच्छ दिसू शकते. आई म्हणते, "टेस्ट तर चांगली आली होती ना जी!" तिचंही खरं असतं. तान्ह्या बाळाला ही चाचणी पुरत नाही, एवढंच तिला कुणी सांगितलेलं नसतं.

आता औषधाकडे या. हायड्रॉक्सीयुरिया ही मूळची कर्करोगावरची गोळी. सिकलसेलसाठी अमेरिकेत तिला १९९८ मध्ये मंजुरी मिळाली. ती काय करते? मोठेपणी झोपी गेलेलं एफ हिमोग्लोबिन थोडंफार पुन्हा जागं करते. कळांची वारंवारता घटते, रक्त चढवायची वेळ कमी येते. मात्र रक्ताची मोजणी ठरावीक अंतरानं करावीच लागते, कारण पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट घसरू शकतात. म्हणजे गोळीबरोबर पुन्हा लॅब आलीच. आणि २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत मंजूर झालेली कॅसजेव्ही ही क्रिस्परवरची, म्हणजे जनुक नेमक्या जागी कापायच्या तंत्रावरची, जगातली पहिली उपचारपद्धती. रुग्णाच्या स्वतःच्या मूळ पेशी बाहेर काढायच्या, बीसीएल११ए या जनुकाचा एक स्विच कापून निकामी करायचा आणि पेशी परत द्यायच्या. हेतू तोच, एफ हिमोग्लोबिन पुन्हा सुरू करणं. अमेरिकेत तिची किंमत २२ लाख डॉलर लावली आहे. एका बाजूला सरकारी दवाखान्यातून मिळणारी कॅप्सूल, दुसऱ्या बाजूला ही पद्धत, आणि दोन्हींचं लक्ष्य एकच रेणू. दोन्हींचा परिणाम मोजायचा तर शेवटी एचपीएलसीवरचं एफचं पीकच बघावं लागतं. बेंचवर काम करणाऱ्याला यात जो आनंद आहे तो मला शब्दांत नीट पकडता येत नाही, पण तो रोज होतो.

माणसाच्या रक्तापुरतंच हे क्षेत्र नाही, हे कळायला नागपूरकराला शहराबाहेर जावं लागत नाही. नीरी, म्हणजे इथली राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, १९५८ मध्ये सुरू झाली ती 'केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी' संस्था म्हणून. पाणी, सांडपाणी आणि साथी हाच तिचा मूळ विषय. म्हणून मे २०२१ मध्ये त्याच संस्थेनं कोविडसाठी सलाईनच्या गुळण्यांची आरटीपीसीआर पद्धत काढली, याचं मला नवल वाटलं नाही. नाकात काडी घालायची गरज नाही. मिठाच्या पाण्यानं गुळणी करायची आणि ती नळीत थुंकायची. लॅबमध्ये त्यात नीरीचं द्रावण मिसळून अर्धा तास ठेवायचं, मग ९८ अंशांवर सहा मिनिटं तापवायचं. आरएनए वेगळं काढायचं महागडं किट लागत नाही. किट मिळत नव्हती, माणसं रांगेत उभी होती, तेव्हा हे या शहरातून निघालं. त्याचा अभिमान मी अजून बाळगून आहे.

तसाच संत्रा. आपल्याकडे लिंबूवर्गीय फळांची राष्ट्रीय संस्था आहे, कापसाची आहे. संत्र्याच्या बागेत डिंक्या लागला तर तो फायटोफ्थोरा हा बुरशीसारखा रोगजंतू, ग्रीनिंग असेल तर तो जिवाणू, आणि तो जिवाणू ओळखायला वापरतात तीच पीसीआर जी आपण माणसांच्या घशातल्या विषाणूसाठी वापरली. निरोगी कलम म्हणून जे विकतात त्याच्यामागेही एक चाचणी आणि तिचा कंट्रोल असतो. काटोल-नरखेडच्या घरातली मुलगी बाग बघून मोठी झालेली असते. तिनं बायोटेक घेऊन तिथेच काम केलं तर ती 'मेडिकल हुकलेली' कशी? पशुवैद्यकीय विद्यापीठ नागपुरात आहे, आणि ११ डिसेंबर २०२२ ला एम्सच्या लोकार्पणाच्याच कार्यक्रमात इथे 'वन हेल्थ' संस्थेची पायाभरणी झाली. माणूस, जनावर आणि परिसर यांचे आजार एकत्र बघायचे, हा तिचा विषय. गोठा, शेत आणि दवाखाना वेगळे नाहीत, हे विदर्भातल्या शेतकऱ्याला मुद्दाम शिकवावं लागत नाही.

आता बाहेर काय राहतं ते. प्रदर्शनांत, सोसायटीच्या मोफत शिबिरांत एक यंत्र असतं. दांडा मुठीत धरायचा, मिनिटभर थांबायचं, आणि लॅपटॉपमधून यकृत, किडनी, हाडं, व्हिटॅमिनं, सगळ्यांचा पानंच्या पानं रंगीत रिपोर्ट निघतो. नावात 'क्वांटम' असतं. रिपोर्टच्या शेवटी विकायच्या पावडरींची यादी असते. हा रिपोर्ट घेऊन घाबरलेली माणसं आमच्याकडे येतात. मी त्यांना एकच गोष्ट सुचवते: तेच यंत्र दहा मिनिटांनी पुन्हा धरा, आकडे तेच येतात का बघा. आणि विकणाऱ्याला विचारा, या यंत्राचा कंट्रोल कुठला? रोज सकाळी तुम्ही कशानं तपासता की ते बरोबर चालतंय? याला उत्तर नसेल तर त्यात सायन्स नाही. माझ्या साध्या पाच मिनिटांच्या नळीकडे ते उत्तर आहे. या बाबतीत मी कठोर आहे आणि राहणार, कारण त्या पावडरींवर गेलेला पैसा बहुतेक वेळा औषधाचा असतो.

मनगटावरची घड्याळं, फोनमधली ॲप्स यांच्याबद्दलही विचारतात. त्यांना मी सरसकट आत किंवा बाहेर टाकत नाही. नाडीचा आकडा ईसीजीशी ताडून बघता येतो, तो आत. 'तुमचं शरीराचं वय' सांगणारा आकडा कशाशी ताडायचा हे मला कुणी दाखवलेलं नाही.

बाकी एक माणूस कुठल्याच यादीत ठळक नसतो आणि माझ्या मते सगळ्यात आधी हवा: समुपदेशक. काही वर्षांपूर्वी एका शिबिरात एका मुलीची सोल्युबिलिटी झाली, पॉझिटिव्ह आली आणि हातात चिठ्ठी दिली गेली, 'सिकल आहे'. एवढंच. एएस की एसएस, पुढे काय करायचं, कुणी बोललं नाही. चिठ्ठी घरी पोचली, तिथून सोयरिकीच्या घरी पोचली आणि साखरपुडा मोडला. नंतर ती आणि तिचा भाऊ आमच्याकडे आले. एचपीएलसीत ती एएस निघाली. धडधाकट मुलगी. ज्याच्याशी लग्न ठरलं होतं त्यानं कधी चाचणीच केली नव्हती. तो एए, म्हणजे सिकलचं जनुक नसलेला, असता तर त्यांच्या एकाही मुलाला एसएस आजार झाला नसता. तोही एएस असता तर प्रत्येक गरोदरपणात एसएसची शक्यता २५ टक्के, आणि तेव्हाही गर्भाची तपासणी करता येते, डॉक्टरांशी बोलून ठरवता येतं. रसायन बरोबर होतं, नळी बरोबर होती. समोर बसून अर्धा तास बोलणारं माणूस नव्हतं. म्हणून मी समुपदेशनाला या क्षेत्राच्या काठावर ठेवायला तयार नाही, ते मधोमध आहे. १ जुलै २०२३ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करायचं ठरलं. एवढ्या लोकांशी बोलायला जी माणसं लागतील ती आज बी.एस्सी.ला प्रवेश घेणाऱ्या मुलांतूनच यायची आहेत.

तेव्हा पालकांनो, कॉलेज बघायला जाल तेव्हा इमारतीचा रंग सोडा. मुलं मशीनला स्वतः हात लावतात का, की काचेबाहेरून बघतात? प्रॅक्टिकलला कंट्रोल चालवतात का? एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, बागेत, गोठ्यात नेतात का? डीएमएलटी, म्हणजे लॅब तंत्रज्ञाची पदविका, असो, बायोमेडिकल असो, फार्मसी असो, मला या तीन गोष्टी असलेली मुलं कामाला हवी असतात, आणि ती सहज मिळत नाहीत.

आणि सिकलसेलचं थोडं, कारण हे वाचणाऱ्यांत लग्नाळू घरं असणारच. चाचणी लग्न ठरायच्या आधी, शक्यतो कॉलेजच्या वयातच करून घ्या, मुलाची आणि मुलीची दोघांचीही. सोल्युबिलिटी पॉझिटिव्ह आली तर तिथे थांबू नका, एचपीएलसी करा. सोल्युबिलिटी निगेटिव्ह असली तरी थॅलसेमिया या हिमोग्लोबिनच्या दुसऱ्या आनुवंशिक आजाराचा वाहक त्यात कळत नाही, आणि सिकल-थॅलसेमियाच्या जोडीतून होणारा आजारही एसएसइतकाच त्रास देऊ शकतो. रक्त चढवलं असेल तर किमान तीन महिने थांबा, नाहीतर रिपोर्टमध्ये दात्याचं हिमोग्लोबिन दिसेल. थांबता येत नसेल तर लॅबला तसं आधी सांगा, म्हणजे आईवडिलांचे नमुने मागवता येतात. जुने रिपोर्ट फेकू नका, सोबत आणा. आणि मधुमेह असलेल्या सिकलच्या माणसानं एचबीएवनसीच्या, म्हणजे दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेच्या, आकड्यावर एकट्यावर भिस्त ठेवू नये. लाल पेशी लवकर मरत असल्यानं तो आकडा खोटा कमी येतो, साखर उपाशीपोटी आणि जेवणानंतर मोजलेली बघायची.